तीन दिवसांची मुदत

रमजानच्या दिवसांत संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये एक दृश्य हमखास दिसते. कामावरून परतणाऱ्यांची मगरिब गाडीतच होते. भाईंदरच्या खाडीवर गाडी आली की कुणीतरी मोबाइलवर वेळ पाहतो, पिशवीतून खजुराची डबी बाहेर निघते आणि हातोहात डबाभर फिरते. रोजा असलेल्याला खजूर मिळतो, नसलेल्यालाही मिळतो. पाण्याची बाटली कुणाची आणि ती कुणी प्यायली, याचा हिशेब राहत नाही. खजूर तोंडात घालण्याआधी रोजेदार दोन क्षण डोळे मिटतो. इफ्तारच्या वेळची दुआ रिकामी परत येत नाही, अशी श्रद्धा आहे. त्या दोन क्षणांत बहुतेक जण मागतात ती माफी.

रमजानचे तीन भाग मानले जातात. पहिले दहा दिवस रहमतचे, म्हणजे कृपेचे. मधले दहा मगफिरतचे, म्हणजे क्षमेचे. शेवटचे दहा नरकाच्या आगीतून सुटकेचे. स्वतःसाठी, आईवडिलांसाठी, कबरीत गेलेल्यांसाठी माफी मागायला या महिन्यात कुणाला शिकवावे लागत नाही. अवघड जागा पुढे येते. ज्याला न्यायालयाने फाशी सुनावली आहे, ज्याचे नाव वर्तमानपत्रात वाचून आपल्याच तोंडून ‘बरे झाले’ निघाले होते, त्याच्यासाठी माफी मागायची का? मागायची तर कुणाकडे? आणि ज्यांच्या घरचे माणूस गेले, त्यांच्यापुढे कोणत्या तोंडाने जायचे?

हे प्रश्न नवे नाहीत. नालासोपारा स्थानकापासून थोड्या अंतरावर असलेल्या जुन्या सोपाऱ्याशीही त्यांचे नाते आहे.

सोपाऱ्याचा राजा आणि त्याची मुदत

सोपारा म्हणजे जुने शूर्पारक, पश्चिम किनाऱ्यावरचे प्राचीन बंदर. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथल्या बुरुड राजाच्या कोटाचे, म्हणजे बौद्ध स्तूपाचे उत्खनन केले. त्याच वर्षी इथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी अशोकाची आज्ञा याच मातीत दगडावर कोरलेली होती.

याच अशोकाने आपल्या राज्याभिषेकाच्या २६ व्या वर्षी काही आज्ञा खांबांवर कोरून घेतल्या. असा एक खांब आज दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्यात उभा आहे. चौदाव्या शतकात सुलतान फिरोजशाह तुघलकाने तो टोपरा गावाहून मोठ्या काळजीने आणवला. त्यावरच्या चौथ्या लेखात एक वेगळी तरतूद आहे. ज्या कैद्याला मृत्युदंड ठरला आहे, त्याला तीन दिवसांची मुदत द्यावी. त्या तीन दिवसांत त्याच्या नातेवाइकांनी अधिकाऱ्यांकडे जाऊन त्याच्या जिवासाठी विनंती करावी. आणि ज्याच्यासाठी बोलणारे कुणीच नसेल, त्याने परलोकासाठी दान करावे किंवा उपवास धरावा.

अशोकाने मृत्युदंड रद्द केला नव्हता. शिक्षा आणि तिची अंमलबजावणी यांच्यामध्ये त्याने वेळ घातला, आणि त्या वेळात कुणीतरी येऊन बोलू शकेल अशी वाट ठेवली. दयेच्या अर्जाची कल्पना आजही तेवढीच आहे. या वेळेची किंमत किती मोठी असते, ते कळण्यासाठी सोपाऱ्याहून नाशिकला जावे लागते. तिथली गोष्ट मात्र आपल्याच काळातली आहे.

पेरूच्या बागेतला खटला

५ जून २००३ ची रात्र. नाशिकजवळ पेरूच्या बागेतल्या एका झोपडीत दरोडेखोर शिरले. घरातल्या पाच जणांची हत्या झाली, बलात्कार झाला. जखमी अवस्थेत दोघे वाचले, आई आणि तिचा मुलगा. बातमी वाचून सगळा महाराष्ट्र हादरला. आरोपी लवकर पकडले जावेत, असे प्रत्येकाला वाटत होते.

पोलिसांनी सहा जणांना पकडले. सगळे भटक्या जमातीतले, मोलमजुरी करून पोट भरणारे. जून २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. मार्च २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. न्यायालयांचा रस्ता तिथे संपल्यासारखा होता.

मग तेरा दिवसांनी, १३ मे २००९ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या एका खंडपीठाने महाराष्ट्रातल्याच एका वेगळ्या प्रकरणात निकाल दिला. ते प्रकरण होते संतोषकुमार बरियार विरुद्ध महाराष्ट्र राज्य. त्यात न्यायालयाने एक जुनी चूक कबूल केली. १९८० च्या बच्चनसिंग खटल्यात घटनापीठाने सांगितले होते की फाशी केवळ ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणात द्यावी आणि गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही पाहावा. त्याचे वय, त्याची परिस्थिती, तो सुधारण्याची शक्यता. पण १९९६ मध्ये राजस्थानच्या रावजी खटल्यात दोन न्यायाधीशांनी फक्त गुन्हा पाहावा, गुन्हेगार नको, असे म्हटले. घटनापीठाचा निकाल नजरेआड करून दिलेला हा निर्णय चुकीचा होता. तरी पुढच्या अनेक प्रकरणांत त्याचाच आधार घेऊन फाशी दिली गेली. नाशिकच्या सहा जणांची फाशी त्यांतलीच एक होती.

न्यायालयाने चूक कबूल केली, पण आधीच फाशी सुनावलेल्यांची शिक्षा त्यामुळे आपोआप उतरली नाही. ते कोठडीतच राहिले.

जुलै २०१२ मध्ये एक वेगळीच गोष्ट घडली. देशातल्या १४ निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहिली. प्रणव मुखर्जी तेव्हा नुकतेच राष्ट्रपती होत होते. पत्रांवर सह्या करणाऱ्यांत सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, दिल्ली उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश ए. पी. शाह होते, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती होस्बेट सुरेश होते. ज्यांनी आयुष्यभर शिक्षा सुनावल्या, ती माणसे आता कुणासाठी तरी दया मागत होती. त्यांचे म्हणणे साधे होते. चुकीच्या निकालाच्या आधारे १३ जणांना फाशी सुनावली गेली आहे, त्यांची फाशी जन्मठेपेत बदलावी. याच चुकीच्या आधारे राजस्थानात १९९६ आणि १९९७ मध्ये दोघांना फाशी देऊनही झाली होती. ते आता परत येणार नव्हते. उरलेल्या तेरांना वाचवता येणार होते, आणि त्या तेरांत नाशिकचे सहा जण होते.

या पत्रात एक गोष्ट नव्हती. हे सहा जण निर्दोष आहेत, असे त्या न्यायाधीशांनी म्हटले नव्हते. तसे म्हणण्याचे काही कारण तेव्हा कुणाकडेच नव्हते. तीन पायऱ्यांवरच्या न्यायालयांनी त्यांना दोषी ठरवले होते. न्यायाधीश दोषींसाठीच दया मागत होते.

पुढे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की फाशीच्या प्रकरणातली पुनर्विलोकन याचिका बंद खोलीत निकालात न काढता तीन न्यायाधीशांनी खुल्या न्यायालयात ऐकावी. तो दरवाजा उघडल्यावर २०१८ मध्ये नाशिकच्या प्रकरणातला २००९ चा निकाल मागे घेतला गेला आणि अपिले पुन्हा पहिल्यापासून ऐकली गेली. कागद पुन्हा उलगडले, तेव्हा जे दिसले ते धक्कादायक होते. हल्ल्यातून वाचलेल्या आईने घटनेनंतर लगेच पोलिसांकडच्या गुन्हेगारांच्या छायाचित्रांतून चार जणांना ओळखले होते. ते चौघे वेगळेच होते. त्यांच्याविरुद्ध तपास पुढे गेलाच नाही.

५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती ए. के. सिक्री, एस. अब्दुल नजीर आणि एम. आर. शाह यांच्या खंडपीठाने सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली. त्यांतला एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही तोवर समोर आले होते. हे लोक भटक्या जमातीतले, गरीब आहेत, म्हणून त्यांना खोटे गोवले गेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाने नोंदवले. राज्य सरकारने प्रत्येकाला ५ लाख रुपये भरपाई द्यावी आणि जबाबदार पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई करावी, असा आदेश दिला. तुरुंगातली जवळजवळ सोळा वर्षे मात्र परत देण्याची सोय कोणत्याच आदेशात नसते.

तीन न्यायालयांनी दोषी ठरवलेल्या सहा जणांना २०१० किंवा २०११ मध्ये फाशी झाली असती, तर २०१९ चा निकाल कुणी मागितलाच नसता. मेलेल्या माणसाचे अपील सहसा कुणी चालवत नाही. दयेच्या मोहिमेचा खरा अर्थ इथे कळतो. जो दोषी मानला गेला आहे त्याच्यासाठीही हात पसरावे लागतात, कारण त्यांतला निर्दोष कोण, हे त्या दिवशी कुणालाच माहीत नसते.

आपल्याच लोकलमधली जखम

वसई-विरारला हे सांगायला नाशिकचीही गरज पडू नये. ११ जुलै २००६ ची संध्याकाळ इथे कुणी विसरलेले नाही. चर्चगेटहून सुटलेल्या, घरी परतणाऱ्यांनी भरलेल्या पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये काही मिनिटांत सात स्फोट झाले. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. स्थानकांची ही नावे रोज तोंडात असणाऱ्यांसाठी त्या दिवशी बदलून गेली. १८० हून अधिक माणसे मेली, शेकडो जखमी झाली. त्या डब्यांत सगळ्या जातिधर्मांची माणसे होती.

३० सप्टेंबर २०१५ रोजी मोक्का न्यायालयाने १२ जणांना शिक्षा सुनावली, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप. तेरावे आरोपी, शिक्षक अब्दुल वाहिद शेख, नऊ वर्षे तुरुंगात काढून निर्दोष सुटले. बाहेर आल्यावर त्यांनी आत जे पाहिले ते ‘बेगुनाह कैदी’ या पुस्तकात लिहिले आणि उरलेल्या बारा जणांची बाजू मांडत राहिले. जमियत उलमाने वकिलांचा खर्च उचलला. युग मोहित चौधरी यांच्यासारख्या, फाशीच्या कैद्यांसाठी वर्षानुवर्षे उभे राहिलेल्या वकिलांनी उच्च न्यायालयात हजारो पाने पुन्हा वाचली.

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अनिल किलोर आणि न्यायमूर्ती श्याम चांडक यांनी सगळ्या बारा जणांना निर्दोष ठरवले. साक्षीदारांवर विश्वास ठेवता येत नाही, कबुलीजबाब स्वेच्छेने दिलेले वाटत नाहीत, बॉम्ब कोणत्या प्रकारचे होते हेही सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही, असे निकालात आहे. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही, असा आदेश दिला. सुटलेल्यांना मात्र पुन्हा आत जावे लागले नाही. राज्य सरकारने सर्वोच्च न्यायालयात अपील केले आहे आणि शेवटचा शब्द तिथला असेल.

फाशी झालेल्या पाच जणांपैकी एक जण हा निकाल ऐकायला नव्हता. २०२१ मध्ये नागपूरच्या तुरुंगात कोविडने त्याचा मृत्यू झाला होता. बाकीच्यांनी जवळजवळ एकोणीस वर्षे, म्हणजे वीस रमजान आत काढले.

हे लिहिताना दुसरी बाजूही तितक्याच जोराने सांगितली पाहिजे. ज्यांच्या घरातून त्या संध्याकाळी माणूस परतला नाही, त्या घरांना उच्च न्यायालयाच्या निकालाने काय दिले? आपल्या माणसाला कुणी मारले, याचे एकोणीस वर्षे मिळालेले उत्तरही काढून घेतले. त्यांचा राग खोटा नाही. पण तो राग चुकीच्या माणसाच्या गळ्याभोवती गेला, तर खरा गुन्हेगार त्याच डब्यात बसून घरी जातो. नाशिकच्या त्या आईने ज्या चौघांवर बोट ठेवले होते, त्यांच्यापर्यंत कायदा पोहोचला नाही, हे विसरता येत नाही.

माफ करायचा हक्क कुणाचा

कुरआनच्या सूरह बकरामध्ये रोजे फर्ज करणारी आयत १८३ व्या क्रमांकाची आहे. रमजानच्या पहिल्याच रात्रींत तरावीहमध्ये ती कानांवर पडते. तिच्या पाच आयती आधी, १७८ व्या आयतीत, खुनाच्या बदल्याचा विषय आहे. दोन्हींची सुरुवात सारखीच होते, तुमच्यावर हे लिहून दिले आहे, अशी. १७८ व्या आयतीत बदल्याचा हक्क मान्य केला आहे, पण लगेच मृताच्या वारसाने माफ केले तर काय करावे, तेही सांगितले आहे. तिथे वारसाला मारेकऱ्याचा भाऊ म्हटले आहे, आणि माफीचा मार्ग ही अल्लाहने दिलेली सवलत आणि रहमत आहे असे म्हटले आहे. बदला आणि उपवास एवढे शेजारी का ठेवले असतील, याचा विचार रोजेदाराने करावा. दोन्ही ठिकाणी हात पोहोचत असताना तो आवरायचा असतो. मक्का जिंकली गेली तीही रमजानमध्येच, हिजरी सन ८ मध्ये. ज्यांनी वर्षानुवर्षे छळ केला, त्यांना त्या दिवशी आम माफी मिळाली.

या तत्त्वावर चालणाऱ्या देशांत माफीची किल्ली मृताच्या घरच्यांकडे असते. केरळमधल्या कोझिकोडचा एक तरुण २००६ मध्ये सौदी अरेबियात चालक म्हणून गेला. त्याच्या देखभालीत असलेल्या अपंग मुलाचा मृत्यू झाला आणि त्याला मृत्युदंड झाला. अठरा वर्षांनी मुलाच्या घरचे दियत, म्हणजे रक्ताची भरपाई, घ्यायला तयार झाले. रक्कम होती दीड कोटी रियाल, सुमारे ३४ कोटी रुपये. २०२४ च्या रमजानमध्ये केरळभर वर्गणी सुरू झाली. मशिदींत, बाजारांत, मोबाइलवरून, हिंदू-मुस्लिम-ख्रिस्ती सगळ्यांनी दिले. ईद झाली त्याच आठवड्यात रक्कम पूर्ण झाली. जुलैमध्ये रियाधच्या न्यायालयाने त्याचा मृत्युदंड रद्द केला.

पण मागितलेली माफी मिळतेच असे नाही. येमेनच्या तुरुंगात असलेली केरळची परिचारिका निमिषा प्रिया हिची फाशी १६ जुलै २०२५ ला ठरली होती. ज्येष्ठ आलिम कांथापुरम ए. पी. अबूबकर मुसलियार यांनी येमेनमधल्या धर्मगुरूंशी बोलणे केले आणि फाशी पुढे ढकलली गेली. मृताच्या घरच्यांनी मात्र माफीला नकार दिला. त्यांना दोष देता येत नाही. माफी हा हक्क असेल, तर नकार हाही हक्क आहे. मागणाऱ्याने मागत राहायचे, धमकावायचे नाही.

भारतात खून हा राज्याविरुद्धचा गुन्हा आहे. मृताच्या वारसाने माफ केले म्हणून कैदी सुटत नाही. तो अधिकार संविधानाने राज्यपालांना कलम १६१ खाली आणि राष्ट्रपतींना कलम ७२ खाली दिला आहे, आणि तोही मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरायचा. तरी वारसांचा शब्द वाऱ्यावर जातोच असे नाही. १९४९ मध्ये नथुराम गोडसेची फाशी टळावी म्हणून गांधीजींचे पुत्र मणिलाल आणि रामदास यांनी विनंती केली होती. ती मान्य झाली नाही. राजीव गांधी हत्या खटल्यातल्या नलिनीला मात्र सोनिया गांधींच्या विनंतीनंतर, एप्रिल २००० मध्ये, तमिळनाडूच्या राज्यपाल फातिमा बीवी यांच्या सहीने जीवदान मिळाले. तिची मुलगी तेव्हा लहान होती.

अर्ज कसा चालतो

दयेची मोहीम म्हटले की मेणबत्त्या आणि फलक आठवतात. प्रत्यक्षात हे काम बरेचसे कागदाचे आहे. कैद्याचा शाळा सोडल्याचा दाखला शोधणे, कारण एका तारखेवर तो अल्पवयीन ठरू शकतो. आजारपणाची कागदपत्रे मिळवणे. तुरुंगातल्या वागणुकीची नोंद मागणे. घरच्यांची स्थिती लिहून काढणे. कोणत्या न्यायाधीशाने शंका व्यक्त केली होती, ते निकालपत्रांतून शोधणे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१६ मध्ये फाशीच्या कैद्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतले सुमारे ७४ टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतले निघाले. अशा घरांत वकिलाची फी सोडाच, दाखला शोधायला एक दिवसाची मजुरी बुडवणेही परवडत नाही. २०२४ च्या अखेरीस देशात ५६४ कैदी फाशीच्या छायेत होते.

वेळेचा हिशेबही ठेवावा लागतो. २१ जानेवारी २०१४ रोजी शत्रुघ्न चौहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १५ जणांची फाशी जन्मठेपेवर आणली. दयेचे अर्ज सरकारने वर्षानुवर्षे विनाकारण पडून ठेवले, हे त्यामागचे एक मुख्य कारण होते. अर्ज फेटाळल्यावर फाशीआधी किमान १४ दिवस द्यावेत, घरच्यांना कळवावे, शेवटची भेट होऊ द्यावी, हे नियम त्याच निकालाने घातले. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कोल्हापूरच्या बालहत्या प्रकरणातल्या दोघी बहिणींची फाशी याच कारणाने जन्मठेपेत बदलली. त्यांच्या अर्जावर निर्णय व्हायला सात वर्षांहून अधिक काळ गेला होता. त्या दोघी निर्दोष आहेत असे कुणी म्हटले नव्हते. पण माणसाला रोज सकाळी ‘आज की उद्या’ असे वर्षानुवर्षे विचारायला लावणे, ही कायद्याने न सांगितलेली दुसरी शिक्षा आहे, हे न्यायालयाने मान्य केले.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या ४७२ व्या कलमाने आता मुदती ठरवल्या आहेत. न्यायालयातले मार्ग संपल्याचे तुरुंग अधीक्षकाने कळवल्यापासून ३० दिवसांत दयेचा अर्ज करावा. आधी राज्यपालांकडे गेल्यास, त्यांनी नाकारल्यापासून ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे जावे. कलमात अर्जदार म्हणून कैदी, त्याचे कायदेशीर वारस किंवा अन्य नातेवाईक यांचाच उल्लेख आहे. दिरंगाई संपेल, हे चांगले. पण ज्याला वाचता येत नाही, ज्याचे घर शेकडो मैलांवर आहे, त्याच्यासाठी तीस दिवस फार झपाट्याने जातात. अशोकाच्या लेखातला तो कैदी, ज्याच्यासाठी बोलणारे कुणीच नाही, आजही आहे.

आणि त्याच्यासाठी काही करायला राष्ट्रपती भवनापर्यंत जावे लागत नाही. फाशीच्या खटल्यातली चूक पहिल्या दिवशीच, पोलीस ठाण्यात आणि पहिल्या न्यायालयात होते. विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली कोठडीतल्या कोणत्याही माणसाला, त्याचे उत्पन्न किती हे न पाहता, मोफत वकील मागता येतो. वसईच्या न्यायालयातही तालुका विधी सेवा समितीकडे तसा अर्ज करता येतो. शेजारच्या चाळीतला मुलगा आत गेला की लोक त्याच्या घरी जाणे बंद करतात. त्याच्या आईबरोबर एकदा न्यायालयात जाणे, ठाण्याच्या किंवा तळोज्याच्या तुरुंगात भेटीच्या दिवशी तिला सोबत करणे, जन्मदाखल्याची प्रत काढून देणे, निकालपत्र तिला तिच्या भाषेत वाचून दाखवणे, हे कुणालाही जमणारे आहे. त्याच वेळी, ज्यांच्या घरात मृत्यू झाला तिथेही जावे. पीडितांच्या भरपाईसाठीचे अर्जही याच विधी सेवा प्राधिकरणाच्या यंत्रणेकडे जातात, आणि तेही बहुतेकांना माहीत नसते. एका दारात गेल्याने दुसऱ्या दाराशी बेइमानी होत नाही.

शेवटचे दहा दिवस आले की सोपाऱ्यातल्या, वसईतल्या, विरारमधल्या मशिदींत इतिकाफला बसणारे दिसतात. घरदार सोडून एका कोपऱ्यात, स्वतःहून पत्करलेल्या एकांतात. दहा दिवसांनी ईदचा चाँद दिसतो आणि ते उठून घरी जातात; घरचे त्यांना न्यायला आलेले असतात. येरवड्याच्या आणि नागपूरच्या तुरुंगांत काही माणसे अशी आहेत की त्यांच्या एकांताचा शेवट दुसऱ्या कुणाच्या सहीवर आहे. त्यांतले काही खरोखर गुन्हेगार असतील. काही नसतील. कोण कोणता, हे आज सांगता येत नाही. नाशिकच्या सहा जणांबद्दल २००९ मध्ये सांगता आले नव्हते.

उद्या संध्याकाळी गाडी खाडीवर येईल, खजुराची डबी पुन्हा फिरेल. डोळे मिटून मागायला वेळ दोनच क्षणांचा असतो. त्यात ११ जुलैला घरी न पोहोचलेल्यांसाठी जागा आहे, आणि ज्याच्यासाठी बोलणारे कुणी नाही त्याच्यासाठीही.